लाल शाईने कापलेलं नाव

सातवीतल्या एका मुलाच्या वहीत मी लाल शाईने एक नाव कापलं होतं. परिसरातल्या पाणवनस्पतींच्या यादीत त्याने कमळ आणि शिंगाड्याखाली 'देवधान' लिहिलं होतं. पुस्तकात ते नव्हतं, मला ठाऊक नव्हतं, म्हणून चूक.

दिवाळीच्या सुटीत घरच्यांसोबत बोदलकशाला गेलो. परतताना एका बोडीच्या पाळीवर एक ढिवर म्हातारबाबा जाळं सुकवत होते. काठच्या उंच गवताकडे पाहून मी म्हणालो, "कचरा फार माजला, बाबाजी."

"कचरा नाही होय सर, देवधान होय."

त्यांनी एक लोंबी हातावर ठेवली. लांब कुसं, बोट लागताच दाणे गळाले. "आमची माय टोपली घेऊन पाण्यात उतरे," ते म्हणाले. "पहाटेच. ऊन चढलं की सारं पाण्यात."

घरी येऊन वाचत बसलो. देवधान म्हणजे रानटी भात, आपल्या भाताचा पूर्वज. यातली वर्षायू जात भारतीय संशोधकांनी 1965 मध्ये वेगळी ओळखून तिला 'ऑरायझा निवारा' नाव दिलं, संस्कृत 'नीवार'वरून. पुढे 'ग्रासी स्टंट' रोगाने आशियातली भातशेती खुरटू लागली. फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो वाणं तपासली. प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून नेलेल्या या रानभातात. शेजारच्या छत्तीसगडात तर कमरछठच्या उपवासाला नांगर न लागलेला हाच तांदूळ चालतो.

उर्दूत अशा आपोआप उगवणाऱ्या वनस्पतीला 'खुदरौ' म्हणतात. हा शब्द मी वर्षानुवर्षं शिकवतोय. अल्लाहने आदमला सगळ्या वस्तूंची नावं शिकवली, हेही मुलांना सांगतो. आणि एका पोराला आजीकडून मिळालेलं नाव मीच कापलं.

शाळा उघडल्यावर वर्गासमोर त्याची माफी मागितली, गुण दिला. "चल, तुमच्या बोडीतलं देवधान दाखव," म्हणालो.

तो खाली पाहत राहिला. "आता नाही सर. सगळी बेशरम वाढली. आजीच सांगते फक्त."

आता दर जूनला पहिला गृहपाठ एकच असतो: घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून झाडा-गवतांची नावं आणा, आणि ती अजून कुठे दिसतात तेही लिहा. दुसरा रकाना बऱ्याचदा कोरा येतो. नावं मात्र मी कापत नाही.