वाटीवरची खाच

पुतण्या कबड्डीतला. गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन टाके वाळले, तसा आमच्या सुलतानपुरात जो तो ‘झाला बरा’ म्हणू लागला. परवा ओट्यावरून उतरताना पाय सटकला, कट्कन आवाज आला. एक्स-रेत गुडघ्याच्या वाटीवर आडवी काळी रेघ!

घरात सगळे डॉक्टरवर चिडलेत. मला तो राग पटत नाही. नवं लिगामेंट त्याच्याच वाटीखालच्या पट्ट्यातून घेतलेलं. मधला साधारण 10 मिलिमीटर रुंदीचा भाग, एका टोकाला वाटीच्या हाडाचा तुकडा, दुसऱ्या टोकाला नडगीच्या. तुकडा काढला तिथं खाच राहते. घसरताना मांडीचा स्नायू एकदम आवळला, की हाड तिथूनच तडकतं. शंभरात एखाद्यालाच होतं, तेही बहुधा पहिल्या काही महिन्यांत. मांडीमागचा स्नायुबंध वापरला तर वाटी शाबूत राहते, पण मग मांडीमागचा जोर घटतो. फुकट काहीच मिळत नाही.

आता शेजारचे आजोबा तेल चोळणाऱ्याचा पत्ता देताहेत. ऑपरेशननंतर गुडघ्यातून आवाज आला, सूज चढली, पाय सरळ उचलता येईना, तर चोळू नका. आधी एक्स-रे काढा.