बावखलातला रोहू

दिवाळीच्या सुमारास ऑक्टोबरचा उकाडा सरतो आणि वसईत पहाटे चादर अंगावर ओढावी लागते. त्या दिवसांत आम्ही तिघे भाऊ गळ टाकायला निघण्याची घाई करायचो. फजर पढून आलेले अब्बा म्हणायचे, "बसा निवांत. पाणी गार झालंय, मासा अजून उठलेला नाही." ऊन बावखलाच्या काठावर उतरलं की मगच ते काठ्या काढू देत.

वाडीतलं आमचं बावखल पावसाळ्यानंतर काठोकाठ भरलेलं असे. त्याचं पाणी केळींना आणि पानवेलींना. मासे ही वरची कमाई. पहिल्या पावसानंतर अब्बा बोटुकली आणून सोडत : कटला, रोहू, मृगळ. हे मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे मासे. साचलेल्या पाण्यात वाढतात, पण अंडी घालायला त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन त्यांची वीण घडवली, म्हणून त्यांचं बीज गावोगावच्या तळ्यांत पोचलं. हे आम्ही पुढे वाचलं. अब्बांना एवढंच ठाऊक, की आणून सोडलं नाही तर बावखल रितं राहील.

कटला वर चरतो, मृगळ तळाशी, रोहू मधल्या पाण्यात. आमची नजर रोहूवर. बांबूची काठी, तरंगायला मोरपिसाचा देठ, आणि कणीक व शेंगदाण्याच्या पेंडीचा गोळा. भाद्रपदात गोळा लिंबाएवढा चाले. पाणी गार झालं की अब्बा तो वाटाण्याएवढा करायला लावत. "त्याची भूक मंदावलीय. मोठा घास दिलात तर हुंगून निघून जाईल." देठ बुडतही नसे, नुसता थरथरे. धाकट्याने घाईने काठी ओढली तरी अब्बा रागवत नसत. नवा गोळा मळून त्याच्या हातात देत.

अब्बा गेल्यावर आम्ही बावखल बुजवलं. कुणी फसवलं नाही, कुणी जबरदस्ती केली नाही. संसार वाढले होते, खोल्या हव्या होत्या. मातीचे ट्रक आम्हीच बोलावले. आधी पंपाने पाणी उपसलं, तेव्हा तळच्या चिखलात एक रोहू सापडला, चार-पाच किलोंचा. इतकी वर्षं तो आमच्या गळाला लागला नव्हता. अम्मीने कालवण केलं. दुसऱ्यांदा कुणीच वाढून घेतलं नाही.

जुलै २०१८च्या पावसात वसई-विरार पाण्याखाली गेलं. आमच्या घरातही गुडघाभर पाणी आलं. पलंगावर पाय वर घेऊन बसलेली अम्मी म्हणाली, "त्याची जागा आहे. तो येणारच."

आता कार्तिकात आम्ही मुलांना घेऊन ओळखीच्या वाडीवर जातो. त्यांनी आपलं बावखल राखलंय आणि ते आम्हाला गळ टाकू देतात. मुलं विचारतात, "आपलं कुठे होतं?" बरीच वर्षं आम्ही गोळा लहान करा, गप्प बसा, असं काहीतरी सांगून टाळलं. यंदा सांगितलं : आपण झोपतो, त्या खोल्यांखाली.