वडिलांच्या वह्या

नोव्हेंबर ते एप्रिल हा मुंबईतील घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम. त्या दिवसांत रविवारची मिस्सा आणि जेवण आटोपले की माझे वडील इस्त्रीचा सदरा चढवून मरोळहून निघत, अंधेरीला धीमी लोकल पकडून महालक्ष्मीला उतरत. काखेत एक जाड वही असे. आई त्या वेळी दाराकडे पाठ करून भांडी आवरीत बसे.

वडील गेले, पाठोपाठ आईही गेली. गेल्या नाताळापूर्वी पोटमाळा झाडताना त्या वह्या सापडल्या, एकूण बावीस. प्रत्येक घोड्याचे नाव, पाठीवरचे वजन, जॉकी, अंतर, लागलेला वेळ, मैदान कोरडे की ओलसर, आणि अखेरच्या दोन रकान्यांत लावलेले व आलेले पैसे. बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत राहणारा माझा भाचा संगणकावर काम करतो. त्याने वह्या मागून नेल्या आणि दोन महिने रात्री जागून सारे आकडे संगणकात भरले.

त्यानेच मला बिल बेंटरची हकीकत सांगितली. हा अमेरिकन गृहस्थ पत्त्यांची मोजदाद करतो म्हणून लास वेगासच्या जुगारगृहांनी त्याला दारे बंद केली. मग १९८५च्या सुमारास ॲलन वूड्स ह्या जोडीदारासह तो हाँगकाँगला गेला. तिथे तेच ते घोडे एकमेकांशी वारंवार धावतात आणि पैजेची गंगाजळी प्रचंड. प्रत्येक घोड्याची जिंकण्याची शक्यता तो संगणकाने काढू लागला. आरंभी हरलाच. पुढे त्याला उमगले की, लोकांनी लावलेल्या भावातही पुष्कळ ज्ञान दडलेले असते. तो भाव त्याने आपल्या गणितात मिसळला आणि पारडे फिरले. ही रीत त्याने १९९४ मध्ये शोधनिबंधातून जगापुढे मांडली.

“मग आपले पप्पा का हरले?” मी विचारले.

भाच्याचे उत्तर ऐकून मी गप्प झालो. वडिलांनी पहिला क्रमांक दिलेला घोडा लोकांच्या आवडत्या घोड्याइतक्याच, किंबहुना किंचित अधिक वेळा जिंकला होता. आई जन्मभर त्यांना खुळे म्हणाली. ते खुळे नव्हते. पण टोटवर माणूस घोड्याशी खेळत नाही, बाकीच्या लोकांशी खेळतो. सर्वांचे पैसे एकत्र होतात, त्यातून आधी क्लबचा हिस्सा आणि सरकारचा कर निघतो, उरलेले विजेत्यांत वाटले जातात. शंभरातले ऐंशीच परत येणार असतील, तर शेजाऱ्याहून किंचित शहाणे असून भागत नाही. शिवाय आपली टोट लहान. मोठी रक्कम लावावी तर आपल्याच पैशाने आपला भाव उतरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर शर्यतीच्या पैजेवर चाळीस टक्के जीएसटी आहे.

१९८७च्या जानेवारीत माझ्या बहिणीच्या नर्सिंगची फी टोटच्या खिडकीत गेली. त्या रात्री मी वडिलांना जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. पैज मुळातच पाप नव्हे, पण घरच्यांच्या गरजेचे हिरावून घेते तेव्हा ती अधर्म्य ठरते, असे कॅथोलिक धर्मशिकवण सांगते. आमच्या घरी ती तशीच ठरली होती. बहिणीचे एक वर्ष वाया गेले.

पण त्या वर्षीच्या राखेच्या बुधवारनंतर वहीतले अखेरचे दोन रकाने कोरे आहेत. पुढच्या साऱ्या वह्यांत कोरेच. घोडे, वजने, वेळा मात्र त्याच टपोऱ्या अक्षरात, २००३ पर्यंत. लपवण्यासाठी कोरे ठेवले असतील, असेही माझ्या मनात आले. पण आधीची वीस वर्षे ज्याने हरलेला रुपयाही लिहून ठेवला, तो आता कशाला लपवील? १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. त्याचे कात्रण त्यांनी अशाच एका कोऱ्या रकान्यावर चिकटवले आहे.

भाच्याने वह्या परत आणून दिल्या. ह्या हंगामाचे आकडेही तो आता गोळा करू लागला आहे.

“पैसे लावतोस का रे?” मी विचारले.

“नाही मामा, नुसते लिहितो.”

वडीलही आईला हेच सांगत असत. आमच्यापैकी कोणीही त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता.