शेकड्याचा रकाना

मला संघात घेतलं ते नियमामुळे. ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ला सहा जणांचा संघ लागतो आणि त्यात निदान एक मुलगी हवीच. पाच मुलं ठरली होती, सहावी मी. केंद्र सरकार २०१७ पासून ही स्पर्धा भरवतं. सॉफ्टवेअरची अंतिम फेरी सलग ३६ तास चालते. आमची होती कॉलेजातली निवड फेरी, एका रात्रीची. तरी लॅबमध्ये शिरताच छातीत धडधडायला लागलं. कुणी म्हणे, “रिपो क्लोन कर.” कुणी म्हणे, “आधी पुल, मग पुश.” मला काही उमजेना.

आमचा विषय शेतमालाचे भाव. माझ्या वाट्याला फॉर्म आला: मालाचं नाव, वजन किलोत, किलोचा भाव. दोन तास खपून तो केला आणि पप्पांना लिंक पाठवली. आमची शेती मांजरी बुद्रुकला. पालेभाजी जाते ती मांजरीच्याच उपबाजारात.

लगेच पप्पांचा फोन. “अगं, कोथिंबीर किलोवर कुठं देतो आपण? जुड्या मोजायच्या, शेकड्यावर भाव. यात मी काय भरू?”

मला बोलताच येईना. पहाटे बॅटरीच्या उजेडात मी स्वतः जुड्या बांधल्या आहेत. तरी लॅबमध्ये बसल्यावर हात आपोआप ‘किलो’च लिहून गेला.

मी ‘शेकडा जुडी’चा पर्याय घातला. तेवढ्यात दुसऱ्याने त्याच ओळीत बदल केलेला. पुल केलं, म्हणजे इतरांचे बदल माझ्याकडे ओढून घेतले, तर स्क्रीनवर मर्ज कॉन्फ्लिक्ट: एकाच ओळीची दोन रूपं, वर माझं, खाली त्याचं, मध्ये बरोबरच्या चिन्हांची रांग. मला वाटलं, सगळं पुसलं गेलं. शेजारच्या सीनियर ताईने समजावलं, “काही गेलं नाही. गिट सगळ्यांचे बदल फक्त एकत्र जुळवतं. कुठलं ठेवायचं ते गिट ठरवत नाही, ते माणसांनी बोलून ठरवायचं.” मी संघाला पप्पांचं म्हणणं सांगितलं. माझी ओळ राहिली.

पुढच्या फेरीसाठी आमची निवड झाली नाही. पण त्या रात्री मला कळलं, की जुडी बांधणं हेही या कामातलं ज्ञानच आहे.

पहिल्यांदा उतरणाऱ्यांनो, कोड पुढे शिकता येईल. ज्याच्यासाठी बनवताय, त्याला पहिल्याच तासात फोन करा.