पेटीनं कुठं थांबावं

विरहाच्या गाण्याला साथ करायची तर पेटीवाल्यानं आधी गप्प राहायला शिकावं. हे मी नव्या मुलांना सांगते तेव्हा त्यांना वाटतं, बाई कामचुकारपणा शिकवताहेत. बोटं नुकती धावायला लागलेली असतात, गाणाऱ्यानं जागा घेतली की तीच जागा लगेच वाजवून दाखवायची हौस असते, आणि श्रोत्यांतून एखादा ‘वा’ आला की ती हौस वाढत जाते.

पण ठुमरीत गाणारी पंचमावरून गंधाराकडे मींड घेऊन उतरते तेव्हा पेटीकडे तिच्यासारखं काहीच नसतं. पेटीचे सूर पट्ट्यापट्ट्यांत तोडलेले. मधला मध्यम दाबला की मींडेची पायरी झाली. काही जण काळीवरून पांढरीवर बोट घसरवून कणस्वर काढतात. एरवी तो छान लागतो, इथे लाडिक वाटतो. मी असं करते: पंचमावर थांबते, भात्याचा दाब हळूहळू सोडते म्हणजे सूर आपोआप बारीक होतो, आणि तिला एकटीला खाली जाऊ देते. ती गंधारावर पोचली, जराशी स्थिरावली, की मग तिच्या पाठीमागून गंधार. आधी नाही, बरोबरही नाही. तेवढ्या उशिरात श्रोत्याला कळतं की ही बाई कुठेतरी एकटी जाऊन आली. बोल संपल्यावर त्याची शेपटी पुन्हा वाजवायची पद्धत आहे, तीही मी या गाण्यांत गाळते. सांगून झालेलं दुःख दुसऱ्यानं लगेच परत सांगू नये.

पेटीच्या या तुटकपणावरूनच आकाशवाणीनं 1940 साली तिच्यावर बंदी घातली होती. 1950 मध्ये आमच्या बाजूचं धारवाड केंद्र सुरू झालं तेव्हाही तिला आत प्रवेश नव्हता. 1971नंतर बंदी हळूहळू सैल झाली. आमच्या धंद्यातले लोक अजून त्याबद्दल कडवट बोलतात. मला बंदी अन्यायाची वाटते, आक्षेप मात्र खरा वाटतो.

हे सगळं पुन्हा डोक्यात घोळायला कारण झाली एक विद्यार्थिनी. हुबळीहून येते, इंजिनिअरिंग करते, जपानी कार्टून मालिका बघता बघता जपानी गाण्यांच्या नादी लागलेली. मोबाइल पुढे करून म्हणाली, “मॅडम, ह्याचं नोटेशन काढून द्या की. शब्द कळत नाहीत, पण रडूच येतं हो.” जुनं गाणं होतं, 1921 सालातलं, शिम्पेई नाकायामांच्या चालीचं ‘सेंदो कोउता’. नदीकाठच्या वाळल्या गवतात आपलंच रूप पाहणाऱ्या दोघांचं. मी पेटीवर सूर शोधले: सा, रे, कोमल गंधार, पंचम, कोमल धैवत. शिवरंजनीचा धैवत कोमल करा, झालं. ती खूश. तिचा सिद्धांत तयारच होता: कोमल स्वर आले की गाणं दुःखी.

तो मला पटला नाही, आणि मोडायला फार लांब जावं लागलं नाही. याच नाकायामांनी 1914 साली तोक्योच्या एका नाटकासाठी ‘कात्यूशाचं गाणं’ बांधलं. नाटक तोल्स्तोयच्या ‘पुनरुत्थान’वरून घेतलेलं, गाणारी नटी सुमाको मात्सुई. गाणं निरोपाचं, आणि स्वर पाहिले तर आपल्या भूपाचे, मध्यम-निषाद गाळलेले. एकही कोमल नाही. अख्ख्या जपाननं ते गुणगुणलं. ज्या दिग्दर्शकावर सुमाकोचं प्रेम होतं ते होगेत्सु शिमामुरा 1918च्या फ्लूच्या साथीत गेले, आणि दोन महिन्यांत तिनं स्वतःला संपवलं. पण त्या गाण्यात यातलं काही शोधू नये. गाणं आधीचं आहे.

आणि जपान कशाला, आपला झिंझोटी राग आहेच की. गंधार शुद्ध, धैवत शुद्ध, कोमल काय तो निषाद. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकलेला माणूस कोमल स्वरांचा सिद्धांत परत मांडणार नाही. खाँसाहेबांचं आमच्या भागात येणंजाणं होतं. हुबळीजवळच्या कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, त्यांच्याकडे शिकले. 1935च्या हिंदी ‘देवदास’मध्ये सैगल तीच ठुमरी गातात, ती चांगली आहे, पण तिथे दुःख दाखवलेलं आहे. खाँसाहेब दाखवत नाहीत. बारीक, उंच आवाज, कुठेही जोर नाही. सुराला हात लावतात आणि पूर्ण पकडायच्या आत सोडतात. मंद्रातल्या धैवतावरून षड्जाला येताना तर असं वाटतं की यावं की न यावं हे त्यांचं अजून ठरलेलं नाही. मुलीला मी ते तुकडे परत परत ऐकवले. ती म्हणाली, “हे रडत नाहीत, पण मला रडवतात.” मी म्हटलं, हेच तर शिकायचं.

मग तिनं मला हिबारी मिसोरा ऐकवली. एन्का या जपानी गाण्यांच्या प्रकाराची ही सम्राज्ञी. ‘कानाशी साके’ हे तिचं 1966चं गाणं, चाल मासाओ कोगांची. सोडून गेलेल्याला विसरण्यासाठी एक बाई एकटी दारू पीत बसली आहे. मध्ये ती गाणं थांबवून चक्क बोलते. टीव्हीवर गाताना तिच्या गालावरून पाणी ओघळत असे, आणि आवाज? तसूभर हलत नाही. एन्कातली ती गळ्याची वळणं, आपल्या मुरकीच्या नात्यातली, जागच्या जागी पडतात. डोळे एका कामाला, गळा दुसऱ्या. आमच्याकडे गाताना रडणाऱ्या गायिकेकडे लोक जरा संशयानं बघतात, मीही बघायचे. हिबारीमुळे तो संशय थोडा सैल झाला.

एक फरक मात्र मोठा आहे. आपली विरहिणी कधी पूर्ण एकटी नसते. ठुमरीत सखी असते, ज्ञानदेवांच्या विरहिणीला निदान कावळा असतो. ‘सौभद्र’ घ्या, 1882चं; त्याचे कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, म्हणजे आमच्याच बाजूचे. अर्जुनासाठी झुरणाऱ्या सुभद्रेच्या जवळ कुसुमावती आहे. एन्कातली बाई कोणालाच सांगत नाही. सायुरी इशिकावाच्या 1977च्या ‘त्सुगारू काइक्यो फुयुगेशिकी’त बाई तोक्योहून रात्रीच्या गाडीनं उत्तरेला जाते, थंडीत बोटीत चढते, आजूबाजूला माणसं आहेत पण सगळी गप्प. गाणं मला आवडलं, तरी सखी नसलेला विरह मला जड जातो. साथीदार म्हणून मी काहीशी त्या सखीचीच जागा घेते, हे कारण असेल: ऐकायचं, हुंकार द्यायचा, आपली गोष्ट मध्ये घालायची नाही.

प्रत्येक गळा हे गाऊ शकतो असं नाही. गंगूबाई हनगल सुरुवातीला गांधारी हनगल या नावानं मराठी गाणीही ध्वनिमुद्रित करत होत्या. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज भरदार, जवळजवळ पुरुषी झाला, आणि ठुमरी, भावगीत मागे पडून ख्यालच उरला. लोक याला तोटा म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्यांच्या विलंबितातली विरहाची बंदिश विनवणी करत नाही, जाब विचारते.

पेटी आणि जपान यांचं नातं तसं जुनंच निघालं. हामामात्सुच्या एका शाळेतली बिघडलेली रीड-ऑर्गन 1887 साली तोराकुसु यामाहानं दुरुस्त केली, तिथून त्याची कंपनी सुरू झाली. त्याच सुमारास कलकत्त्यात द्वारकानाथ घोष पायपेटीची हातपेटी करत होते. विद्यार्थिनीला हे सांगितलं तर तिला यामाहा म्हणजे मोटरसायकलच माहीत.

आता ती ‘कानाशी साके’ बसवते आहे, काळी चारमध्ये. मधल्या बोलण्याच्या भागात पेटीनं नुसता षड्ज धरावा असं तिचं म्हणणं, तेवढा वेळ तंबोराच पुरे असं माझं. दोन्ही प्रकारे वाजवून पाहिलं. ती अजून षड्जावर अडून आहे, आणि पुढच्या आठवड्यात तबलजीला बोलावून त्याचं मत घ्यायचं म्हणते आहे.