खर्जातला सा आणि पाचवी तार

चारतारीवरून पुढे जाऊ पाहणारा बेसवादक पैशांची जुळवाजुळव करतो तेव्हा त्याचा हिशोब बहुतेक वेळा असा असतो: ३०-३५ हजारांत पाचतारी येते, थोडी ओढाताण केली तर सहातारीही येते, मग तेवढ्याच पैशांत जास्त तारा का सोडायच्या? पुढची सगळी चर्चा मग ब्रँड, रंग आणि पिकअप यांभोवती फिरते. मला हा हिशोब सुरुवातीलाच घसरलेला वाटतो. जादा तार फुकट मिळत नाही. तिची किंमत लाकडातून, हार्डवेअरमधून आणि वादकाच्या हातातून वसूल होते. म्हणून हात आखडता असताना आधी विचारायचा प्रश्न असा की, आपण ज्यांच्यामागे वाजवतो ते गायक कोणत्या पट्टीत गातात? आपल्याकडच्या वादकाच्या बाबतीत याचं उत्तर बहुतेक वेळा खालच्या बी तारेकडे नेतं, आणि म्हणून चारतारीनंतरची बेस पाचतारीच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

आता पट्टीचा हिशोब मांडून बघू. चारतारी बेसची सगळ्यांत खालची मोकळी तार ई, म्हणजे पांढरी तीन, ४१.२ हर्ट्झ. त्याखाली काही नाही. आपल्याकडे पुरुष गायकांची पट्टी बहुधा काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास असते. काळी एकचा सा चारतारीवर पहिल्यांदा भेटतो तो ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर, सुमारे ६९ हर्ट्झला. हा सूर म्हणजे पुरुषी तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचाच सूर. बेसचं काम गाण्याला खालून आधार देणं, आणि इथे तर ती तानपुऱ्याच्या पातळीलाच थांबते. पाचतारीवर हाच सा बी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर एक सप्तक खाली मिळतो, ३४.६ हर्ट्झला. बी तारेमुळे पांढरी सात, पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन आणि काळी दोन अशा पाच पट्ट्यांना खालचा सा मिळतो. पुढच्या पाच पट्ट्यांत, म्हणजे पांढरी तीनपासून काळी चारपर्यंत, सा चारतारीवरही असतो, पण त्याच्या खालचा पंचम नसतो. तो पंचमही याच तारेवर आहे. बारापैकी दहा पट्ट्यांत सा किंवा पंचम यांपैकी एक महत्त्वाचा सूर ही एकच तार नव्याने हाताशी आणून देते. उरतात पांढरी सहा आणि काळी पाच. तिथे सा आणि खालचा पंचम दोन्ही चारतारीवर आधीपासून आहेत. बऱ्याच गायिका याच पट्ट्यांत गातात, म्हणून ज्याचं बहुतेक काम गायिकांच्या साथीचं आहे त्याने पाचतारीची घाई करू नये. त्याने तेच पैसे आपल्या चारतारीच्या सेटअपवर आणि चांगल्या तारांवर घालावेत.

खालच्या सप्तकाचा दुसरा फायदा डग्ग्याशी आणि ढोलकीच्या धुमाशी संबंधित आहे. डग्ग्याची घुमारी साधारण त्याच भागात असते जिथे चारतारीवरचा काळी एकचा सा पडतो. दोन्ही एकाच जागेवर आले की ऐकणाऱ्याला ना सूर नीट कळतो ना ठेका, नुसती गुरगुर पोचते. समेवरचा सा सप्तकभर खाली गेला की डग्ग्याला त्याची जागा परत मिळते. याचा अर्थ सतत खालीच वाजवत राहावं असा मुळीच नाही. मुखड्यावर येताना एकदा खाली उतरलं की जे वजन येतं ते पूर्ण अंतराभर खाली घुटमळून निघून जातं. बी तारेचा रोजचा उपयोग तर खोलीपेक्षाही हाताच्या सोयीचा आहे. तिच्या पाचव्या फ्रेटवर ई आहे, सहाव्यावर एफ, आठव्यावर जी. चारतारीवर हे सूर वाजवायला हात नटजवळ न्यावा लागतो, आणि नेक तिथेच सगळ्यांत ताणायला लावते. ऐन कार्यक्रमात गायक ‘अर्धा सूर खाली घ्या’ म्हणतो तेव्हा पाचतारीवर बसवलेला हात एक फ्रेट मागे सरकतो, बोटांची मांडणी तशीच राहते. चारतारीवर मोकळ्या तारांच्या भरवशावर बसवलेली सगळी चाल नव्याने शोधावी लागते.

सहातारीच्या बाजूने बोलणारे म्हणतात की पुढेमागे सहावी तार हवीच वाटणार, मग दोनदा खर्च कशाला? यात तथ्य नाही असं नाही. अँथनी जॅक्सन यांच्यासाठी कार्ल थॉम्पसन यांनी १९७५ साली सहा तारांची बेस बांधली, तेव्हा ती बेसचीच नैसर्गिक वाढ आहे अशी जॅक्सन यांची धारणा होती, आणि त्यांनी पुढची कारकीर्द त्या विश्वासावर उभी केली. जॉन पॅटिटुचींनी वरच्या सी तारेवर जे सोलो वाजवले ते चार तारांवर सुचलेच नसते. पण ही वाद्यं एकेका वादकासाठी, पैशांचा विचार बाजूला ठेवून बनलेली होती. स्वस्त सहातारीत कारखान्याला तेवढ्याच पैशांत रुंद नेक, जादा चावी, लांब ब्रिज आणि मोठे पिकअप बसवायचे असतात, आणि काटकसर होते ती नेकच्या लाकडात आणि फ्रेटच्या कामात, म्हणजे नेमकी नको तिथे. आकडे बघा: जॅझ बेसची नेक नटपाशी ३८ मिलिमीटर, आयबानेझच्या एसआर मालिकेतल्या पाचतारीची ४५, तर त्याच मालिकेतल्या सहातारीची ५४. चारतारीवरून थेट ५४ वर गेलेल्या अंगठ्याला आणि मनगटाला काही महिने तरी द्यावे लागतात. शिवाय न वाजणाऱ्या पाच तारा सतत मुक्या ठेवायच्या असतात, आणि स्वस्त वाद्यावर त्या जरा जास्तच गुणगुणतात. या सगळ्याच्या बदल्यात मिळतात ते वरचे पाच सूर. की-बोर्ड आणि गिटार दोन्ही असलेल्या वाद्यवृंदात त्या जागी आधीच कोणीतरी वाजवत असतं. जो एकट्याने बेसवर कॉर्ड आणि चाल दोन्ही वाजवणार आहे, त्याच्यासाठी माझा सल्ला वेगळा असता.

पाचतारीच घ्यायची ठरली की वाद्याची पारख बी तारेवरून करायची. इथे तारेचं गणित कळलेलं असलं की पैसे वाचतात. बी चा सूर ई पेक्षा पावपट खाली आहे. ई इतकाच ताण बी वर हवा असेल तर तारेचं वजन पावणेदोन पटींहून थोडं जास्त हवं, म्हणजे जाडी सुमारे सव्वा ते दीडपटीच्या मध्ये. १०५ ची ई असेल तर बी १४० ची लागते. पाचतारीच्या नेहमीच्या संचात मात्र बी १३० ची येते, म्हणजे ताण साधारण १४ टक्के कमी. स्वस्त पाचतारीचा बी लुळा वाटतो त्यामागचं पहिलं कारण हे आहे. विक्रेता यावर ३५ इंची नेकचा उपाय सुचवतो आणि त्यासाठी पुढच्या किमतीचं मॉडेल दाखवतो. लांबीने फरक पडतो, पण किती? ३४ चे ३५ इंच झाले की ताण ६ टक्के वाढतो. ३४ इंची बेसवरच १३० ऐवजी १३५ ची बी चढवली तर तो जवळजवळ ८ टक्के वाढतो, आणि तेही एका तारेच्या किमतीत. जाड तार थोडी ताठ असते, तिचे वरचे स्वर किंचित मंद होतात, हे खरं आहे. पण १९८७ साली आलेल्या म्युझिक मॅनच्या पाचतारी स्टिंगरेची नेक ३४ इंचीच आहे आणि तिच्या बी ला कोणी लुळी म्हणत नाही. नेक आणि बॉडीचा सांधा घट्ट आहे का, नटची खाच जाड तारेला बेताची आहे का, तार सॅडलवर नीट टेकली आहे का, यांवर बी चा स्वच्छपणा एका इंचापेक्षा जास्त अवलंबून असतो.

‘छोट्या अ‍ॅम्पमधून ३१ हर्ट्झ निघतच नाही, मग बी कशाला?’ हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. मूळ स्वर निघत नाही हे बरोबर आहे. पण कान ६२ आणि ९३ हर्ट्झच्या उपस्वरांवरून तो सूर ओळखतो. छोट्या अ‍ॅम्पवर सूर कळतो, फक्त त्याचं वजन कळत नाही. घरी हेडफोन आणि कार्यक्रमात मोठी साउंड सिस्टीम असेल तर अ‍ॅम्पवरचा खर्च वर्षभर सहज लांबवता येतो. शिवाय मोकळ्या बी पेक्षा दुसऱ्या ते चौथ्या फ्रेटवरचे सूर जास्त कामाचे, आणि ते ३४ ते ३९ हर्ट्झमध्ये आहेत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जेम्स जेमरसन यांनी मोटाउनची एवढी गाणी चार तारांवर वाजवली, मग आपल्याला पाचवी का लागावी? लागेलच असं नाही. पण ती गाणी त्यांच्या हाताखालच्या वाद्याला धरून घडत गेली. आपल्याकडे पट्टी गायकाची असते, वादकाने तिच्यामागे जायचं असतं. ज्याची अजून खात्री होत नाही त्याने आपल्या चारतारीवर पाचतारीच्या संचातल्या खालच्या चार तारा, बी, ई, ए आणि डी, चढवून महिनाभर वाजवावं. नटच्या खाचा घासाव्या लागतील आणि परत फिरताना नवा नट लागेल, पण एवढ्या खर्चात निर्णय पक्का होतो. कायमचा उपाय म्हणून मी हे सुचवणार नाही, कारण गाण्यातल्या भरावाच्या जागा जी तारेवर येतात आणि ती तार इथे गेलेली असते.

एवढ्या पैशांत नवी घ्यावी की जुनी? मी जुनी घेईन. पाचतारी हौसेने घेऊन कपाटात ठेवणारे पुष्कळ असतात, आणि फारशी न वाजलेली यामाहा टीआरबीएक्स ३०५ किंवा आयबानेझ एसआर ३०५ नव्या कनिष्ठ मॉडेलच्या भावाच्या जवळपास सापडू शकते. या दोघींत निवड करायची तर तारांमधलं अंतर बघा: यामाहाचं १८ मिलिमीटर, आयबानेझचं १६.५. बोटाने आणि अंगठ्याने जोरात वाजवणाऱ्याला पहिलं रुचेल, लहान हाताच्या वादकाला दुसरं. मग वाद्य हातात घेऊन नेककडे बॉडीच्या बाजूने डोळा लावून पाहा. किंचित बाक चालतो, पीळ चालत नाही. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत नेक हलणारच, म्हणून ट्रस रॉड खरंच फिरतो का हे विकणाऱ्याच्या समोर तपासून घ्या. बी तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवून बघा. दाबलेला सूर चढा येत असेल आणि बी चं सॅडल आधीच मागे स्क्रूच्या टोकाला गेलेलं असेल, तर नवी तार चढवून एकदा पुन्हा तपासा, कारण जुनी मेलेली तारही असाच दगा देते. नव्या तारेवरही तेच झालं तर ती बेस सोडून द्या. शेवटी बी तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा ई आणि मोकळी ई तार आळीपाळीने वाजवा. दोन्ही सूर एकाच वाद्यातून येत आहेत असं वाटलं पाहिजे. मग चौथ्या फ्रेटवर काळी दोनचा सा धरा आणि चार मात्रा टिकवा. तिसऱ्या मात्रेपर्यंत सूर ओळखू येत नसेल तर किंमत कितीही उतरवून मिळाली तरी घेऊ नका. खरेदीच्या रकमेतून नव्या तारांच्या संचाचे आणि एका चांगल्या सेटअपचे पैसे मात्र आधीच बाजूला काढून ठेवा.