घरातला मूकपट

दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मधली (१९१३) तारामती म्हणजे अण्णा साळुंके. मूळचे हॉटेलातले आचारी! बायका पडद्यावर यायला तयार नव्हत्या, काय करणार? पुढे 'लंकादहन'मध्ये (१९१७) तर राम आणि सीता दोन्ही साळुंकेच. म्हणजे विरहसुद्धा आपला आपल्याशीच.

'मोहिनी भस्मासुर'मध्ये (१९१३) मात्र पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी त्यांची लेक कमलाबाई. या मायलेकींबद्दल वाचलं की मला आमच्या घरातला मूकपट आठवतो. त्यातही आई आणि लेक होत्या, पण संवाद सगळे पुरुषांच्या तोंडी.

आईचं माहेर खालापूर तालुक्यातलं. १९४६ साली तिला बघायला दादा आणि त्यांचे एक मित्र आले. मान वर करायची नाही अशी सक्त ताकीद. त्यामुळे आईला दिसले फक्त चार पाय. त्यातला नवरा कुठला हे तिला कुणी सांगितलं नाही. एकाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. हाच असू दे रे देवा, असं तिने म्हणे मनात म्हटलं. (का, ते विचारलं की नुसती हसायची.) होकार आजोबांनी परस्पर कळवला. लग्नात अंतरपाटाखालून तिने आधी पाय बघितले. चिंधी नव्हती, पण अंगठ्याचं नख काळंनिळं होतं. जीव भांड्यात पडला!

"आणि ते पाय दुसऱ्याचे निघाले असते तर?" मी एकदा विचारलं.

"तर काय, त्याच्याशी संसार केला असता," असं म्हणून ती तांदूळ निवडायला लागली. तेव्हा मात्र हसली नाही.

माझी पाळी १९७४ साली आली, कर्जतला. बी.ए. होऊन मी शाळेत लागले होते. पाहुणे खोपोलीच्या गाडीने आले. नाव, शिक्षण, स्वयंपाक येतो का, सगळं यथासांग झालं. मग मीच विचारलं, "नोकरी सोडावी लागेल का?" मामांनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. मुलाचे ओठ हलले, पण आवाज आला त्याच्या वडिलांचा, "बघू पुढे." म्हणजे इथे नवऱ्याचं कामही दुसराच करत होता!

मूकपटात ओठ आधी हलतात, अक्षरांची पाटी मागून येते. आमची पाटी आठ दिवसांनी आली, अंतर्देशीय पत्रातून. दोनच ओळी. नोकरी सोडू नये, वडिलांशी बोललो आहे.

पत्र माझ्या हातात पडलं ते फोडलेलंच. आईने आधी वाचलं होतं, आणि कुणाला काही न सांगता शिरा करायला घेतला होता.